झाडाची मागची बाजू

९ डिसेंबर

चि. भिंगरी हिस, अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला बसले त्याचं कारण एकच. बाबांनी काल सकाळी आपली बॅग भरली, कोट चढवला, दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले आणि मला धाकटीकडे पोचव म्हणाले. अजून तिथेच आहेत. जेवायला उठतात, जेवतात, परत कोट घालून बसतात.

आई गेल्यापासून बावीस वर्षं ते तुझ्याकडे राहिले. या हिवाळ्यात तरी माझ्याकडे राहू देत, हे मी तुझ्या मागे लागून मागून घेतलं. तीन आठवड्यांत ही पाळी आली. तेव्हा सगळं क्रमाने लिहिते. दोष तू मलाच देणार आहेस, तो निदान नीट माहिती घेऊन दे.

मेहुण्यांनी बाबांबरोबर नाताळचं झाड आणि सजावटीची आठ खोकी आणून टाकली, तेव्हाच मी विचारलं होतं की हे दोन खोल्यांत मावणार कुठे. ते हसले आणि जिना उतरून गेले. तुमच्या घरात हसणं हे उत्तर समजलं जातं. मी झाड कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभं केलं. मागच्या चार फांद्या आड येत होत्या, त्या काढून ठेवल्या. बाबांनी ते पाहिलं, झाड ओढत खोलीच्या मधोमध आणलं आणि फांद्या परत खोचल्या. माझं टेबल आता पॅसेजमध्ये आहे. रसायनशास्त्राच्या एकोणसत्तर प्रयोगवह्या मी उभ्याने तपासल्या. यंदा वर्गाला गुण कमी पडले तर ते झाडामुळे.

सजावट म्हणजे काय प्रकरण असतं ते तुला सांगायला नको. आधी दिव्यांची माळ, तीही खोडाजवळून. मग जड काचेचे गोळे आत, हलके टोकाला. मग सोनेरी फीत, ती तीनदा उलगडायची, कारण पडली ती मनासारखी पडली नाही. चाळीस वर्षं कापडदुकानाच्या दर्शनी काचेत मांडणी करणारा माणूस निवृत्त झाला, हे त्याच्या डोळ्यांना कुणी कळवलेलंच नाही. हात मात्र थरथरतात. म्हणून ते खुर्चीतून सांगणार आणि मी स्टुलावर चढून टांगणार. डावीकडे घे म्हणतात आणि घेतलं की तुझं डावं नव्हे, झाडाचं डावं, असं वर ऐकवतात. तुझ्या शाळेतल्या कागदी पऱ्या, तुझ्या वेण्यांच्या रिबिनी, डबीतला तुझा दुधाचा दात, सगळं झाडाच्या छातीवर. माझं काय आहे, असं मी विचारलं नाही. ते विचारायचं वय गेलं.

परवा पुढची बाजू झाली. मग त्यांनी सात नंबरचं खोकं मागितलं. ते मी चार दिवसांपूर्वीच भंगारवाल्याला दिलं होतं. झाकणावर ‘मागचं’ असं लिहिलेलं. उघडलं तर वर पुठ्ठ्याचे तुकडे आणि गंजलेल्या टाचण्या. त्याखाली मी पाहिलं नाही. कोण पाहील? मागची बाजू बघतंय कोण, असं मी म्हटलं. त्यांनी हातातली फीत खाली ठेवली, आणि काल बॅग भरली.

लाड करून करून तू त्यांना असं करून ठेवलं आहेस. आता तूच चार ओळी लिहून समजूत घाल. लोभ माझ्याकडून आहेच. या खेपेला तो टिकवायचं काम तुझं.

तुझी,
ताई


१२ डिसेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवत होते. प्रयोगवह्यांपाशी आम्ही दोघं पोट धरून हसलो. सात नंबरच्या खोक्याशी आले आणि पत्र ह्यांच्या हातात दिलं. पुढचं ह्यांनी वाचलं.

ताई, काय करून बसलीस गं!

बाबांची दुकानातली मांडणी रस्त्यावरून बघायची. मागून बघितलं तर पुतळ्याच्या पाठीला टाचण्या, पुठ्ठा आणि दोऱ्या. त्यांना त्याची फार लाज वाटायची. तुझ्या लहानपणी घरचं झाडही तसंच असायचं, भिंतीला टेकलेलं, मागे बोडकं. तुला आठवतं ते तेच. तू सतराव्या वर्षी वसतिगृहात गेलीस आणि त्या डिसेंबरात त्यांनी झाड पहिल्यांदा भिंतीपासून ओढलं. तू घरात टाकून गेलेल्या वस्तू शोधून शोधून मागे टांगल्या. दप्तराचं बक्कल. पितळी कोनमापक. चष्म्याची तुटकी काडी. ‘सोडियम’ असं तुझ्या अक्षरात लिहिलेली परीक्षानळी. आणि तुझी ती तीन ओळींची पत्रं यायची ना, पोचले, बरी आहे, काळजी नसावी? त्यांच्या पाकिटांचे ते तारे करायचे. एका पाकिटाचा एक तारा, तुझं अक्षर वर येईल अशी घडी. बेचाळीस वर्षांत एकशे बारा झाले होते.

दर वर्षी त्यांची खुर्ची झाडाच्या मागे. पाहुणे पुढे, मी पुढे, माझ्या पऱ्या पुढे. आठ वर्षांची होते तेव्हा मी हट्ट धरला होता की माझंही काहीतरी मागे टांगा. तर म्हणाले, तुझं कशाला, तू आहेस की घरात.

मला का सांगितलं नाहीस, असं आता विचारशील. तू डिसेंबरात कधी आलीस? परीक्षा, वह्या, पुन्हा परीक्षा. आणि तुला सांगायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद. तू नाक मुरडशील ही भीती. यंदा ते खोकं घेऊन निघाले तेव्हा मला वाटलं, चला, आता दाखवणार.

उत्तर नंतर लिही. आधी भंगारवाल्याकडे जा. तुझा लोभ पन्नास वर्षं ओरडण्यासकट पुरला आहे, तसाच पुरू दे.

तुझी,
भिंगरी


१६ डिसेंबर

चि. भिंगरी हिस, अनेक आशीर्वाद.

पत्र आज दुपारी कॉलेजात निघताना हाती पडलं. शेवटचा तास दुसऱ्या बाईंच्या गळ्यात घातला आणि तशीच गेले. नोकरीत आजवर मी तास सोडलेला नाही.

भंगारवाला माणूस भला, पण संथ. बाई, खोक्यात काय होतं ते सांगा, म्हणाला. मी लोखंडाच्या ढिगासमोर उभी राहून तुझ्या पत्रातली यादी वाचून दाखवली. तो म्हणाला, हे भंगारच की. मी म्हटलं, हो, पण माझं आहे.

बक्कल मिळालं. कोनमापक मिळाला, वाकलेला. काडी मिळाली. नळी फुटली आहे, पण चिकटपट्टीने तुकडे धरून ठेवले आहेत. त्यावरचं नाव चूक आहे. सोडियम कुणी नळीत ठेवत नाही. सतराव्या वर्षी मला तेवढंही कळत नव्हतं. कागदाचा गठ्ठा कालच कारखान्यात गेला. एकशे बाराच्या एकशे बारा.

घरी बाबा कोटातच बसले होते. चारही वस्तू त्यांच्या मांडीवर ठेवल्या आणि तारे गेले, चूक माझी, असं सांगितलं. मला सवय नाही, त्यामुळे वाक्य दरडावल्यासारखं आलं. त्यांनी कोनमापक फिरवून पाहिला आणि वाकलाय म्हणाले. तारे नाहीत तर मागचं भरणार नाही, नुसतं लोखंड टांगून झाड बोडकंच दिसेल, तेव्हा आपण निघालेलं बरं, असंही म्हणाले.

मग माझा तोल गेला. मी चांगली जिवंत समोर उभी असताना माझी पाकिटं कशाला हवीत, असं विचारलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, तू समोर कुठे असतेस, तू पॅसेजमध्ये असतेस.

मी तडक पॅसेजमध्ये गेले. वह्यांचा गठ्ठा उचलून कपाटावर टाकला आणि टेबल ओढत खोलीत आणलं. आता दार पूर्ण उघडत नाही. त्यांनी कोट काढला नाही. पण दार उघडायला जागा करावी म्हणून बॅग खुर्चीखाली सरकवली.

तुझ्याकडे माझी काही पाकिटं असतील तर लगेच पाठव. लोभ मागायला या वेळी तोंड नाही. तरी असू दे.

ताई


२० डिसेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

जुनी सगळी पाकिटं बाबांनी त्या त्या वर्षीच उचलली होती. माझ्याकडे फक्त ही दोन आहेत, या महिन्याची. तू उभ्या जन्मात एवढी लांब पत्रं लिहिली नव्हतीस, पाकिटंही त्या मानाने मोठी आहेत. तारे ठसठशीत होतील.

हे तीन जानेवारीला झाड आणि खोकी न्यायला येतील. गाडीत बाबांची जागा ठेवली आहे. तुझी खोली लहान, नोकरी अजून चालू. ते आले तर मी वाईट वाटून घेणार नाही, आणि तूही घेऊ नकोस. रागावलीस तरी चालेल, गप्प बसू नकोस.

भिंगरी


३ जानेवारी

चि. भिंगरी हिस, अनेक आशीर्वाद.

पत्र मेहुण्यांच्या हाती देते आहे. पाकीट फाडू नकोस, नीट उघड आणि परत पाठव.

दोन तारे झाले. घडी बाबांनी सांगितली, घातली मी. पहिला तिरका आला, तो त्यांनी मुद्दाम डोळ्यांसमोर येईल असा टांगायला लावला. झाडामागे दोन खुर्च्या मावत नाहीत. एकीचे पाय स्वयंपाकघरात जातात, ती माझी. फितीवरून आम्ही चार वेळा भांडलो, कोनमापकावरून दोनदा. कोट पंचवीस तारखेला उतरला. उकडत होतं, असं त्यांचं म्हणणं.

लोभ वाढवावा असं मी कधी लिहिलं नाही. आज लिहिते.

मेहुण्यांच्या हाती दिलेल्या वस्तू खालीलप्रमाणे. सगळं माझ्यासमोर बांधलं आहे. बाबांनीही तपासून सही केली आहे. ती थरथरली असली तरी त्यांचीच आहे.

झाड एक, मागच्या चार फांद्यांसह.
खोकी क्र. १ ते ६ आणि क्र. ८, दोरी बांधून. क्र. ७ नवं केलं आहे, ते दिलेलं नाही.
सोनेरी फीत एक, सैल गुंडाळून.
बाबांची बॅग एक, रिकामी.