फ्लेक्सवरची आई

सोमवार, ३ फेब्रुवारी
सकाळी ७.४०, द्वारका चौक. रिक्षा सिग्नलला थांबली आणि समोर मी. दहा फूट उंच, पैठणी नेसलेली. शेजारी हात जोडून अनिल. ‘जिल्हा वारसा समितीच्या अध्यक्षपदी नियुक्तीबद्दल अनिलभाऊंचे अभिनंदन!’ माझ्या फोटोखाली: ‘मातृतुल्य सौ. नलिनीताई, ज्यांच्या संस्कारांतून भाऊ घडले.’
मला कुणी विचारलं नाही. आणि सौ.? कुणाची, तेही छापायचं होतं.
रिक्षावाला वळून म्हणाला, ‘मावशी, तुम्हीच ना? भाऊंची आई?’
‘नाही.’
तरी भाडं घेतलं नाही. जास्तच चिडले.

मंगळवार, ४
अनिल पणिक्कर. वडील केरळातून आले, ओझरच्या कारखान्यात फिटर होते. आई लीलाअम्मा, माझी शेजारीण. पाचवीत मराठीत नापास झाला म्हणून अम्माने त्याला माझ्याकडे आणून बसवलं. आता माझ्याहून बरं मराठी बोलतो. मला कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सनी बिघडवलं.
पुढे गणेश मंडळ, मग पक्ष. सतरंज्या उचलल्या, वॉर्ड सांभाळला, प्रवक्ता झाला. एकदाच निवडणूक लढवली, ‘बाहेरचा’ म्हणून पडला. तेव्हापासून आडनाव लावत नाही. नेमणुकीला मतं लागत नाहीत.
भाषणात आपली माती, आपली परंपरा, मुलींनी सातच्या आत घरात. मला पटत नाही, तोंडावर सांगितलंय. पण माझं मनगट मोडलं तेव्हा दवाखान्यात दिवसभर तोच बसून होता. हेही लिहायला हवं.

गुरुवार, ६
तीनदा पी.ए.ने टोलवलं, मग अनिल स्वतः फोनवर.
‘टीचर, आशीर्वाद द्या!’
‘आधी फ्लेक्स उतरव.’
‘अहो, पोरांनी लावला. उत्साह असतो.’
‘पोरांना माझा फोटो कुणी दिला?’
‘तुम्ही मला आईच की, टीचर.’
‘तुला एक आई आहे. माझ्या शेजारी राहते. गंगापूर रोडच्या बंगल्यात मावली नाही वाटतं.’
मीटिंग आहे म्हणाला.

रविवार, ९
मुद्दाम द्वारकेला गेले. फोटो ओळखला, त्याच बंगल्याच्या वास्तुशांतीचा. अम्मा आणि मी, दोघी होतो. माझ्या खांद्यावर अजून चार बोटं आणि एक बांगडी आहे. बाकीची अम्मा कापली.
तिला सांगावं की नको? ऐंशीच्या घरातली बाई. नाही सांगितलं.

मंगळवार, ११
अम्मा स्वतःच आली.
‘टीचर, तू अनिलला रागवला?’
‘तू तो फोटो पाहिलास?’
‘पाहिला काय? मीच दिला. मीच बोलली, मला काप.’
‘का?’
‘माझा फोटो लावला तर लोक विचारणार, ही कुठली? एकदा पडला ना तो. तुला बघून कोण विचारतो?’ मग हसली. ‘आणि तुझी साडी भारी होती.’
सोमवारी, १७ला, तो पदभार घेणार. तोवर गप्प राहा म्हणाली. ‘नवरा सगळा जन्म मद्रासी ऐकून गेला. पोरगा तरी इथला होऊ दे.’

बुधवार, १२
अनिलने कापलं असतं तर सोपं होतं. तिने स्वतःला कापून दिलं. त्याने घेतलं. राग त्या घेण्यावरच ठेवायचा, हे दुपारपर्यंत ठरलं.
संध्याकाळी सोमवारचं निमंत्रण आलं. पहिल्या रांगेत माझी खुर्ची, ‘मातृतुल्य’. अम्माला विचारलं, तुला आलं? ‘मी मोबाईलवर बघणार. सून लावून देते म्हणाली.’

गुरुवार, १३
पत्र अनिलच्या ऑफिसात नेऊन दिलं. पोच घेतली. अम्माला सांगितलेलं नाही. कळल्यावर माझ्याशी बोलेल का, कुणास ठाऊक. इतक्या वर्षांत दुसरी मैत्रीण काही मी केली नाही.
मजकूर उतरवून ठेवते:
‘अनिल, त्या खुर्चीवर मी बसणार नाही. तिथे श्रीमती लीलाअम्मा पणिक्कर बसतील. त्यांना घ्यायला तू स्वतः येशील, आणि ही माझी आई, असं माइकवर सांगशील. त्या नको म्हणतील. तुझ्यासाठी म्हणतील, हे ओळखण्याइतका तू मोठा झाला आहेस. जमणार नसेल तर सोमवारी मी येईन, आणि ती ओळख मी करून देईन. काय ठरवलंस ते लेखी कळव, तुझ्या अक्षरात, पूर्ण नावाची सही करून. फोन नको, पी.ए. नको. रविवार, १६ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत.’