ओवी तुला आठवून रडत नाही

प्रिय शीतल,

तुला पत्र लिहायची वेळ आपल्यावर कधी आलीच नव्हती. काही सांगायचं असलं की तू चुलीपुढून ओरडायचीस आणि मी न्हाणीतून. पण सध्या माझं डोकं फिरलंय, आणि ज्याच्याजवळ बोलायला जावं तो आधी डोळे पुसायला लागतो. मग म्हटलं, तुलाच सांगावं. तू तरी मला मध्येच थांबवून रडणार नाहीस.

गेल्या आठवड्यात तुमसरची आत्या आली होती. आपली ओवी आता अकराव्या महिन्यात आहे. आत्याने चहाचा कप बाजूला ठेवला, ओवीला उचललं, छातीशी दाबलं आणि नेलं थेट तुझ्या फोटोपुढे. उंच टांगलेला, हार घातलेला, वर तांबडा दिवा लावलेला तो फोटो.

"मम्मी कुटी हाये, ओवी? ते पाह्य मम्मी!"

ओवीने वर पाहिलं. खालचा ओठ हळूहळू बाहेर आला आणि तिने भोकाड पसरलं.

"पाह्यलं काय! लेकराले मायची याद येऊन राहिली वं!" असं म्हणून आत्या रडली, आई रडली, कुंपणापलीकडची काकूसुद्धा तोंडाला पदर लावून रडली. सगळ्यांना केवढं भरून आलं! मला मात्र राग आला. तलावावरून आणलेलं ओलं जाळं मी दारातच आपटलं.

कसली याद? तापाने तू गेलीस तेव्हा ती पुरती तीन महिन्यांचीही नव्हती. तिला तुझा चेहरा आठवत नाही, शीतल. पण खरं तेच आहे. ती आठवून रडत नाही. तिला शिकवलंय!

दुसऱ्यांची लेकरं या वयात काय शिकतात? चिऊ कुठे म्हटलं की वर बोट करतात. टाळ्या वाजव म्हटलं की वाजवतात, टाटा करतात. आपल्या घरी आलेल्या प्रत्येक बाईने आपल्या पोरीला एकच खेळ शिकवला. मम्मी कुठे? वर भिंतीवर. आणि वर भिंतीवर बघितलं की आपल्याला घेतलेल्या बाईचं तोंड वाकडं होतं, तिच्या अंगाला हुंदका येतो, आपल्याला घट्ट आवळलं जातं. लेकरू तोंडाकडे बघूनच शिकतं ना! तुझी पोर हुशार आहे, लवकर शिकली.

अंगणवाडीच्या ताई वजन करायला आल्या तेव्हा आईने त्यांना कौतुकाने सांगितलं, "मायच्या फोटोले वळखते जी, पाह्यलं की लगेच रडते." ताईंनी विचारलं, बाकी काय काय करते? घरात कुणालाच पटकन काही सुचेना.

बरं, तिला खाली तरी ठेवतील? तेही नाही. "बिन मायचं लेकरू, भुईवर कायले टाकतं रे?" या कडेवरून त्या कडेवर, त्या मांडीवरून या मांडीवर. दया करून करून पोरीला रांगायलाही उशीर केला यांनी. मी चटईवर ठेवलं की मी दगड!

आणि तू काय करायचीस! माहेराहून आलीस आणि दुसऱ्याच दिवशी तिला खाटेवर टाकून अंगणात मासे साफ करायला बसलीस. हातात खवले, तोंडाची टकळी चालू. "ओवी, पाह्य, हे मरळ. आनं हा मांगूर, मिशावाला, तुह्या बाबासारखा!" मी म्हणायचो, दोन महिन्यांच्या लेकराला काय समजतं? तू म्हणायचीस, "न समजू दे. आयकते ना!" आणि ती खरंच ऐकायची. पाय झाडायची, तुझ्या तोंडाकडे टक लावून हुंकार द्यायची. तुझा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जायचा, तिला कसा ऐकू येणार नाही?

त्या बाईचा तो भिंतीवरचा फोटो? मुळीच नाही! भंडाऱ्याच्या स्टुडिओत लग्नानंतर काढलेला, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर आठी. यात मात्र चूक तुझी आहे. तो पुढचा तिरपा दात लपवायला तू जन्मभर कॅमेऱ्यापुढे तोंड मिटलंस. किती वेळा सांगितलं तुला की मी त्या दातासकटच हो म्हटलं होतं! ऐकलंस कधी?

आत्या गेली आणि मी मोबाइल काढला. त्यात तुझा एकच व्हिडिओ आहे. तुला न सांगता काढलेला. इतके महिने मी तो उघडला नव्हता. तू खाटेवर वाकली आहेस, ओढणी डोक्यावरून ओढतेस, बाजूला करतेस, "भो!" म्हणतेस आणि हसतेस. तोंड उघडं, दात तिरपा, नाकावर एक खवला चिकटलेला. तिथेच थांबवला, भंडाऱ्याला गेलो, मोठा फोटो करून आणला. दुकानदार म्हणाला, खवला पुसून देऊ का? म्हटलं, हात लावू नका.

जुना फोटो उतरवला. नवा लावला तो भिंतीच्या अगदी खाली, ओवीच्या डोळ्यांसमोर येईल असा. हार नाही, दिवा नाही. मग काय, आईने घर डोक्यावर घेतलं.

"गेलेल्या मानसाचा फोटो असा भुईवर ठेवते काय रे कोनी? लोकं काय म्हनतीन?"

"म्हनू दे. लोकाईले नाही पाहाचा, ओवीले पाहाचा हाये."

"आनं आमी रडाचं नाही काय? आमची नोहोती काय ते?"

आईने तुझे केस विंचरले होते, तापात पाय चेपले होते. मी एवढंच म्हणालो, "रड ना, आई. पन ओवीपुढं नको. रडू आलं तं तलावाच्या पाळीवर जाय. मी बी तेतीच जातो." आईला तोवर वाटत होतं, मी रडतच नाही.

आणि आता आजचं. मी ओवीला चटईवर सोडलं, तुझी तीच ओढणी फोटोवर टाकली. "मम्मी कुठे?" म्हटलं. तिने सवयीने वर भिंतीकडे पाहिलं. तिथे नुसता खिळा. मी ओढणी ओढली, "भो!" तिने खाली पाहिलं आणि ओठ बाहेर यायला लागला. पण ओठ अर्ध्यातच थांबला. ती रांगत पुढे गेली, तुझ्या तिरप्या दातावर बोट ठेवलं, मग तेच बोट स्वतःच्या तोंडात घालून आपला नवा दात चाचपला. पुन्हा तुझा. पुन्हा आपला. मागे आई उभी होती. मला वाटलं, आता गळा काढते. तर ती फसकन हसली आणि म्हणाली, "मोजून राहिली पोट्टी!" ओवीने वळून आजीचं तोंड पाहिलं, आणि तीही हसली. तुझ्या फोटोला टेकून हसली, शीतल!

पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस. सगळे येतील, आत्याही येईल. मी तुला शब्द देतो, दारातच सांगेन, आत हसत या, नाहीतर आधी तलावाच्या पाळीवर जाऊन या. रागावले तर रागावू देत. "मम्मी कुठे?" म्हटलं की तुझी पोर हसत तुझ्याकडे रांगत जाईल. माझं रडू मी तलावावर ठेवून येईन.

तुझा,
मिशावाला रोशन