‘फ्यूज बघा’ म्हणणाऱ्या मेहुण्यास

प्रिय मेहुणेबुवा,

नमस्कार, आणि तोही ग्रीसचे हात धुऊन. तुमच्या ताईचा गुडघा बरा आहे. माझा रक्तदाब बरा नाही, आणि त्याला तुमचा परवाचा फोन कारणीभूत आहे. आईंच्या मोतीबिंदूची चौकशी खरं तर सर्वांत आधी करायची, पण राग पुढे घुसला, त्याला मी काय करणार? ऑपरेशन इकडच्या दवाखान्यात गुरुवारीच आहे ना? "घाटातून येईन तर जावईबापूंच्याच गाडीतून, पोरगा वळणावर हॉर्न वाजवत नाही," असं त्या म्हणाल्याचं कळलं. (हे तुम्हांला लागावं म्हणून लिहीत नाही. पण लागलं तर लागू द्या.)

तर फोन. गेल्या आठवड्यात घाटात दाट धुकं लागलं. मोठ्या दिव्यांचा उजेड धुक्यावर आपटून माझ्याच डोळ्यांत यायला लागला, म्हणून मी शास्त्रशुद्ध रीतीनं गाडी कडेला घेतली, सगळे दिवे बंद केले आणि फक्त फॉग लाइटचं बटण दाबलं. मिट्ट काळोख. दिवे लागल्याशिवाय माझ्या आईला या डबड्यात बसवायचं नाही, असं तुमच्या ताईनं तिथल्या तिथे सुनावलं. हे सगळं मी तुम्हांला आपला माणूस म्हणून सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "भाऊजी, फ्यूज बघा की!" आणि वर हसलात!

मेहुणेबुवा, मी कुठल्या कॉलेजची पायरी चढलेलो नाही. पण घरातला पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर कोण दुरुस्त करतं? आणि तुमच्याच लग्नात ऐन वेळी मुका झालेला माईक कोणी बोलता केला? त्या माणसाला फ्यूज बघा? फ्यूज मी सर्वांत आधी पाहिला होता. धडधाकट होता. दोन्ही बल्ब काढून थेट बॅटरीवर लावून पाहिले, लख्ख लागले. जिथे बल्ब बसतो तिथे मीटर लावला, तर काटा ढिम्म. म्हणजे वीज मधेच कुठेतरी मरत होती. आता वायर जाते बंपरच्या मागून, म्हणून बल्ब परत बसवून बंपर उतरवला. (त्याच्या क्लिपा ज्यानं बनवल्या, त्याला एकदा त्याच क्लिपांनी भिंतीवर टांगायला हवा. उघडताना "टक" म्हणतात आणि जन्मात पुन्हा बसत नाहीत.)

माझी एक पद्धत आहे, ती मी मोडत नाही. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, बाकी सगळं बंद. मोठे दिवे बंद, छोटे बंद, रेडिओ बंद, वायपर बंद. तुमच्या ताईला मटार सोलत गाडीत बसवलं होतं. मी पुढून ओरडायचो, "दाब!", ती दाबायची, आणि काही व्हायचं नाही. वायर वीतवीत चाचपली, उंदरानं कुरतडल्याची खूण नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मॅनेजर गॅलरीतून म्हणाले, "नवीनच घ्या आता." त्यांना मी जे उत्तर दिलं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.

संध्याकाळ झाली. तुमची ताई कंटाळून म्हणाली, "अहो, तुम्हांला त्या अंधारात दिसतंय तरी का काही?" आणि मला उजेड व्हावा म्हणून तिनं छोटे दिवे लावले. फॉग लाइटचं बटण दाबलेलंच होतं. वायरीला लोंबकळणारे दोन्ही दिवे माझ्या नाकापासून चार बोटांवर भस्सकन पेटले!

म्हणजे कळलं का? छोटे दिवे लागल्याशिवाय फॉग लाइट लागतच नाहीत, अशीच त्या गाडीची रचना आहे! बिघाड काही नव्हताच! एका दिव्यानं पेटायला दुसऱ्याची परवानगी का घ्यावी? तो काय घरजावई आहे? असलं वायरिंग आखणाऱ्या इंजिनिअरला मी एकदा घाटात, धुक्यात, सासूला शेजारी बसवून गाडी चालवायला लावणार आहे.

असो. दिवे उत्तम आहेत. आईंना सांगा, जावई येतोय, निर्धास्त राहा.

आपला,
भाऊजी

ता. क. बंपर बसत नाही. डाव्या बाजूच्या सगळ्या क्लिपा तुटल्या, आणि पुढची नंबरप्लेट बंपरवरच असते. तेव्हा बुधवारी सकाळी तुमची गाडी घेऊन इकडे या. आईंना आणायला जाऊ, चालवीन मी. तुम्ही मागे बसा. आईंना यायचंय ते माझ्या भरवशावर, बंपरच्या नव्हे.

ता. ता. क. दिवे लागले तेव्हा तुमची ताई म्हणाली, "अगंबाई, काय केलंत हो?" मी म्हणालो, "सापडलं एकदाचं." सैल वायर सापडली, असा तिचा समज झालेला आहे. तो तसाच राहू द्यावा.

ता. ता. ता. क. निघण्यापूर्वी स्वतःचे फॉग लाइट तपासा. आधी छोटे दिवे लावायचे, मग बटण. एवढी साधी गोष्ट लोकांना माहीत नसते, आणि मग उगाच फ्यूज बघत बसतात.