सगळ्यांना निळी कॉलर

तीर्थरूप आई,
पाया पडते.

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

आमच्या शिवणकारखान्यात एका शाळेचे गणवेश शिवायला आले होते. आपल्या छकुलीच्या शाळेसारखंच, फी भरणाऱ्यांना निळी कॉलर आणि मोफतवाल्यांना पांढरी. माझी पोर कॉलर आत दुमडून शाळेत जाते, हे तू कळवलंस तेव्हापासून डोकं तापलं होतं. मी सगळ्याच शर्टांना निळी लावली. मुलं ते घालून वर्गात बसलीसुद्धा.

मालक म्हणाला, "चुकले म्हण, नाहीतर घरी बस." मी काही चुकले म्हणणार नाही. दुसरीकडे मशीन मिळेलच.

पाकिटात एक निळी कॉलर आहे. छकुलीच्या शर्टाला शिव. शाळेत कोणी विचारलं, तर माझं नाव सांग.

तुझी हट्टी लेक