बर्फावरच्या रेघा

लेनी,

माझं बरं चाललंय, असं आईला आधी सांग. दिवसभर पर्यटकांना स्की शिकवून अंग आंबून जातं. पण सकाळी ते यायच्या आधी उतार तपासायची पाळी माझी असते. तेव्हा मी माझ्या जुन्या, कमरेइतक्या आखूड स्की घालतो. हातात काठ्या नाहीत. स्कीच्या धारेवर झुकलं की बर्फ सुरीनं कापल्यासारखा कापला जातो, मागे रेघ उमटते, आणि थकवा तेवढ्यापुरता विसरतो.

काल माझ्यासोबतचा शिक्षक कास्पर खालून म्हणाला, "डावीकडे वळताना तुझी रेघ पुसट का? उजव्या पायावर भार देत नाहीस, गुडघा सांभाळतोयस."

"तुझे डोळे तपासून घे," मी म्हटलं.

बाबा आता काठीशिवाय चालतात का?

सोबत त्या उताराचा, माझ्या कालच्या रेघांसकट फोटो आहे. तो बाबांना दाखवू नकोस. रेघा वाचायला मला त्यांनीच शिकवलंय.

तुझा दमलेला भाऊ,
क्विरिन