नाताळच्या स्वयंपाकघरात परत घेण्याबाबत

प्रति,
मा. समन्वयक (श्री. संकेत दिनानाथ साळवे),
नाताळ व पूरसाहाय्य समिती,
संत फ्लोरियन चर्च, चेन्नई.

अर्जदार: टी. राघोत्तमराव, वय ७१, निवृत्त हेड क्लार्क, राहणार तिरुवल्लिकेणी, चर्चच्या मागची गल्ली.

विषय: दि. २५ डिसेंबरच्या नाताळच्या जेवणासाठी अर्जदारास स्वयंपाकघरात परत घेण्याबाबत.

संदर्भ: आपला दि. ९ डिसेंबरचा व्हॉट्सॲप संदेश, "काका, उद्यापासून तुम्ही कपडे बघा", व त्याखालील जोडलेले दोन हात.

महोदय,

१. संदर्भातील संदेश अर्जदारास मिळाला, समजला आणि झोंबलाही. तरी आज्ञेप्रमाणे अर्जदार दुसऱ्या दिवसापासून दानात आलेले कपडेच बघत आहे.

२. हा अर्ज मराठीत का, असे आपण विचाराल. समितीत मराठी वाचणारे आपण एकटेच. हाच अर्ज तमिळमध्ये केला असता, तर संध्याकाळपर्यंत फाटकावरच्या फूलवालीनेही अर्जदाराची अब्रू वाचून काढली असती. आता आपण कोपरगावचे आणि अर्जदार तंजावरकडचा. साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडून निघालेली मराठी अर्जदाराच्या घरात बोलली जाते, आणि ती ऐकून पहिल्याच दिवशी आपण तोंडावर रुमाल धरला होता, हे अर्जदाराने पाहिले आहे. म्हणून पुण्याहून आणलेले पत्रलेखनाचे पुस्तक शेजारी ठेवून हा अर्ज लिहिला आहे. भाषा जिथे ताठ उभी राहील तिथे पुस्तक बोलते आहे असे समजावे, आणि जिथे घसरेल तिथे अर्जदार.

३. हकीकत अशी. या महिन्याच्या सुरुवातीला वादळ आले आणि कूवम नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरले. चर्चने नाताळची रोषणाई आणि केकचा स्टॉल रद्द करून हॉलमध्ये चूल मांडली. कामे दोन ठरली. वस्तीत अडकलेल्यांसाठी जेवणाची पाकिटे रोज साडेअकराच्या व्हॅनने पाठवायची, आणि हॉलमध्ये राहायला आलेल्या कुटुंबांना दुपारी जेवू घालायचे. मोठ्या प्रमाणावर स्वयंपाक येणाऱ्यांनी यावे, अशी हाक लाउडस्पीकरवरून दिली गेली. अर्जदार धर्माने हिंदू, त्यातून माध्व ब्राह्मण. पण मठातल्या आराधनेला पाचशे पानांचा स्वयंपाक त्याने केलेला आहे. हाक कानावर पडताच तो घरची पळी घेऊन हजर झाला. पळी आणायला कोणीही सांगितले नव्हते.

४. पहिला अपराध दि. ६ चा. वीस वर्षे चर्चचे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आरोग्यमेरी अम्मा यांनी केलेले सांबार अर्जदाराने चाखले आणि 'चिंच कमी आहे' असे जाहीर केले. इथवरही ठीक होते. परंतु अर्जदाराची जीभ एकदा सुटली की आवरत नाही. सांबार मुळात तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात कसे जन्मले, हा इतिहास त्याने पाकिटे भरणाऱ्या बारा बायकांना वीस मिनिटे ऐकवला. त्या वीस मिनिटांत एकही पाकीट भरले गेले नाही. शेवटी अम्मांनी, "सर, इतिहास ओतू का भातावर?" असे विचारले. त्या दिवशी व्हॅन बारा वाजता सुटली. अम्मांच्या सांबारात चिंच बरोबर होती, हेही अर्जदार आता लेखी कबूल करतो. त्याच्याच तोंडाला सर्दीने चव नव्हती.

५. दुसरा अपराध दि. ८ चा, आणि तो मोठा. हॉलमध्ये लोक हातात ताटे घेऊन रांगेत उभे होते. अर्जदाराला ते बघवेना. पूर आला म्हणून माणसाने उभ्याने खायचे? त्याने कोणालाही न विचारता सर्वांना ओळींनी खाली बसवले, केळीची पाने मांडली, मीठ डावीकडे वरच्या कोपऱ्यात वाढले, आणि पंगत सुरू केली. पंगत म्हटली की आग्रह आला. आग्रहाशिवाय वाढणे हे अर्जदाराच्या घराण्यात वाढणे समजत नाहीत. 'अजून थोडं', 'एवढ्यानं काय होतंय', 'पानात पडलंय ते संपवा, मग बोलू' अशा आरोळ्या देत तो फिरत राहिला. पहिली ओळ ताकापर्यंत पोचली, तेव्हा तिसऱ्या ओळीच्या पानावर मीठच होते आणि त्यातली पोरे रडत होती. चार वाजता कॅरलच्या सरावाला आलेल्या मंडळींनी जेवणाऱ्यांच्या मधे उभे राहून गाणी म्हटली. त्यांनाही अर्जदाराने पायसम दिले. अति तेथे माती, ही म्हण पुस्तकात आहे. अर्जदाराने ती त्या दिवशी करून दाखवली.

६. येथवर वाचून आपणास हसू आले असल्यास ते येथे आवरावे. पंगतीत अर्जदाराने व्हॅनचे चालक अंतोनी यांनाही बसवले होते. अंतोनी दोनदा उठू लागले. दोन्ही वेळा अर्जदाराने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पानात भात घातला. एकशेऐंशी पाकिटे भरून गाडीत तयार होती, आणि गाडी दोन वाजून दहा मिनिटांनी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंतोनींनी सांगितले, की वस्तीतल्या बायका साडेअकरापासून पुलाखाली गुडघाभर पाण्यात पातेली घेऊन उभ्या होत्या. एकीने कडेवरच्या पोराला 'आत्ता येईल' असे इतक्या वेळा सांगितले होते, की व्हॅन दिसली तेव्हा ते झोपून गेले होते. अंतोनी हे रागावून बोलले नाहीत, त्यामुळे अर्जदारास जास्तच लागले. त्याला लाज वाटली. पुस्तकात या प्रसंगासाठी 'खेद' हा शब्द दिला आहे, पण तो पुरत नाही. समोरच्या पोटाला आग्रह करताना न दिसणाऱ्या पोटांना अर्जदार विसरला. आपण त्याला कपड्यांवर पाठवले ते योग्यच केले. आपल्या जागी तो असता तर त्याने स्वतःला गल्लीबाहेरच पाठवले असते.

७. कपडे विभागाचा अहवाल असा. चेन्नईकरांनी पूरग्रस्तांसाठी चाळीस स्वेटर, सतरा टाय आणि एक शेरवानी दिली आहे. स्वभावाला औषध नसते, म्हणतात ते खोटे नाही. बुधवारी एक गृहस्थ फक्त लुंगी मागायला आले होते. अर्जदाराने त्यांना लुंगी, तीन शर्ट, एक स्वेटर आणि 'राहू द्या हो, लागेल कधी' असे म्हणून एक कोट दिला. गुरुवारी ते कोट परत करायला आले आणि अर्जदार दिसताच तो दारातच ठेवून गेले.

८. तरीही अर्जदार स्वयंपाकघरात परत घेण्याची विनंती करतो, आणि त्यासाठी पुढील हमी देतो. तो व्हॅन निघेपर्यंत कोणालाही वाढणार नाही. अंतोनींपासून दहा हात लांब राहील. सांबाराच्या जन्माबद्दल अवाक्षर काढणार नाही. काढल्यास अम्मांनी पळी जप्त करावी. 'अजून थोडं' हे शब्द निघू नयेत म्हणून वाढताना तोंडात लवंग धरील. तेवढ्याने न भागल्यास त्याला फक्त मीठ वाढण्याचे काम द्यावे, मिठाचा आग्रह आजवर कोणी केलेला नाही. तेही नको असेल तर चिंच कोळू द्यावी. तेही नको असेल तर पातेली घासू द्यावीत. निवृत्त हेड क्लार्कने पातेली घासावीत काय, असा प्रश्न कोणी विचारणार नाही. तो विचारणारी व्यक्ती आता नाही.

९. ही व्यक्ती म्हणजे अर्जदाराची पत्नी, कै. भवानी. तिला जाऊन दोन वर्षे झाली. तेव्हापासून अर्जदार लहान कुकरमध्ये अर्धा ग्लास तांदूळ लावतो आणि वर्तमानपत्र समोर धरून जेवतो. दि. ८ रोजी सर्वांची जेवणे झाल्यावर, वाढप्याने शेवटी बसावे या रीतीने, अर्जदार सव्वाचारला एकटाच पानावर बसला. तेव्हा हॉलमध्ये राहिलेले वस्तीतले एक म्हातारे गृहस्थ उठले. त्यांचे नाव अर्जदारास आजही माहीत नाही. त्यांनी पळी उचलली आणि अर्जदार नको नको म्हणत असताना 'इन्नुम कोंजम, सामी', म्हणजे अजून थोडं घ्या, असे म्हणत पानात भात घातला. भात त्यांचा नव्हता, पातेले त्यांचे नव्हते, घर पाण्यात होते. आग्रह तेवढा त्यांनी स्वतःचा केला. अर्जदार तो भात पूर्ण जेवला आणि हात धुवायच्या निमित्ताने बराच वेळ नळाशी उभा राहिला.

१०. तेव्हा पूरग्रस्तांची सेवा वगैरे जे अर्जदार गल्लीत सांगत फिरतो, त्यातले निम्मे ढोंग आहे, हे आपण जाणून असावे. सेवा चर्चने केली. अर्जदार माणसांत जेवायला मिळते म्हणून आला होता.

११. अर्ज नामंजूर करण्याचा समितीस पूर्ण अधिकार आहे. व्हॅन साडेअकराला सुटणे हे या अर्जापेक्षा महत्त्वाचे, हे अर्जदारास आता कोणी समजावून सांगायला नको. नामंजूर झाल्यास त्याला स्वयंपाकघराच्या दारातही उभे करू नये. मात्र २५ तारखेला हॉलमध्ये कोणत्याही ओळीत, कोणाच्याही शेजारी, त्याच्यासाठी एक पान मांडावे. त्या दिवशी घरी एकट्याने जेवण्याची अर्जदाराची तयारी नाही.

आपला नम्र आणि यापुढे वेळेवर,

(सही)
टी. राघोत्तमराव
चेन्नई, दि. १६ डिसेंबर २०२३