मेल्याचं सोंग

पौष शु. २, शके १८५२. सोम.
शाळा दुपारीच सोडली. जहागीरदारांचं बोलावणं आल्तं. हैदराबादेहून गोरे पाहुणे येणार, त्यांना सव्वाशे वर्षांपूर्वी गोऱ्यांनी जिंकलेली असईची लढाई असईच्याच माळावर करून दाखवायची. गोऱ्यांची फौज म्हणून जहागिरीचे स्वार, मराठ्यांची फौज म्हणून गावची माणसं. "मास्तर, तुम्हाला तवारीख मालूम. सगळं असल पाहिजे. बिलकुल असल."
इतकी वर्षं या माळावर फिरलो, मिळेल ते वाचलं. कोणी कधी विचारलं नव्हतं. घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते.

शु. ५, गुरु.
पोशाखावरून हरलो. मराठ्यांच्या कवायती पलटणींना गोऱ्यांसारखेच डगले होते, हे सप्रमाण लिहून नेलं. जहागीरदार हसले. "मग पाहुण्यांना कळायचं कसं, मार कोणी खायचा?" म्हणून आपली माणसं उघडी, अनवाणी, तोंडाला काजळी. माझ्या कागदाला त्यांनी बोटांचा चुना पुसला.
जागा मोकळी हवी म्हणून हुरड्यात आलेली ज्वारी कापून टाकली. ज्यांची होती त्यांना कापल्यावर कळलं.

शु. ८, रवि.
आज माझं एक म्हणणं मान्य झालं. त्या लढाईत तोफा गोऱ्यांच्या हाती पडल्यावर मराठ्यांचे तोफवाले तोफांमधेच मेल्याचं सोंग घेऊन पडले. गोरे पुढं गेले. मंग हे उठले, तोफा फिरवल्या आणि पाठीवर बार काढले. तेव्हा स्वार परत आले आणि त्यांना तुडवलं, कापलं. हे सांगितलं तसे जहागीरदार लोडावरून उठलेच. "वाह! हे पाहिजे!"
तोफवाले निवडायचं काम माझ्याकडं. पहिला कोंडिबा. त्याचं रान लढाईच्या जागीच. नांगराला शिशाच्या गोळ्या लागतात, त्या मला आणून देतो. म्हटलं, मेल्यासारखं पडायचं, इशारत झाली की उठायचं.
"पडून राह्यचंय ना नुसतं? तुम्ही हाये ना तिथं, मंग काय."
एक नवं धोतर आणि पोटभर जेवण मिळणार. त्याची बायको गिरजा पण खूश.

शु. १२, गुरु.
तालीम. घोडे पडलेल्या माणसांना वळसा घालून जातात. रिसालदार करीमखाँ, सगळे स्वार याच्या हाताखाली, तो म्हणाला, "घोडा आदमी पो पांव नई रखता, मास्टरसाब. उसकू भी खुदा का डर हय."
जहागीरदार चिडले. हा पोरखेळ दिसतो म्हणाले.
मी सुचवलं. हो, मीच. तोफा जवळजवळ लावा, मधल्या फटीत माणसं दाटीनं निजवा, मागून स्वारांची दुसरी रांग सोडा. वळायला जागाच न्हाई, मंग घोडे वरून उड्या टाकतील. असं मला वाटलं.
करीमखाँनं विचारलं, "आप लेटिंगे क्या वहाँ?" सगळे हसले. मीही.

पौर्णिमा, रवि.
झालं.
मांडवात पाहुणे, मडमा, चहा. तोफांत नुसती दारू, पण धूर फार. तोफवाले पडले, उठले, तोफा फिरवल्या. बराबर माझ्या कागदाप्रमाणे. स्वार परतले. पहिली रांग तोफांपाशी थबकली. दुसरी मागून येऊन तिच्यावर आदळली. पुढचे घोडे फटीत रेटले गेले.
कोंडिबा ओरडला.
त्या घडीला माझ्या मनात काय आलं ते इथं तरी लिहितो: ओरडणं किती खरं जमलं याला.
मांडवात टाळ्या. एका मडमेनं रुमालानं डोळे टिपले. शिंग वाजल्यावर सगळे मेलेले उठले, तो उठला न्हाई. करीमखाँ घोडा सोडून त्याच्याकडं पळाला. जहागीरदार ओरडले, "अभी नक्को! साहब फोटो ले रहे."
फोटो झाला. मंग उचललं.

वद्य १, सोम.
कोंडिबाकडं गेलो. कमरेखाली काहीच हालत न्हाई. डॉक्टर बघून गेले. मला पाहून तो म्हणाला,
"मास्तर, मी येळेवर उठलो व्हतो ना?"
"बराबर उठलास."
"मंग चुकलं कुठं?"
गिरजानं पाण्याचा तांब्या पुढं केला. न पिताच उठलो.
घरी आलो तर जहागीरदारांकडून शाल आलेली. पाहुणे बेहद्द खूश, असा निरोप.

व. ४, गुरु.
पहाटे गेला. नवं धोतर नेसवूनच नेला. मी शाळा भरवली. पाढे घेतले.
करीमखाँ नोकरी सोडून जालन्याला गेला. माझ्या दारावरून गेला, सलाम केला न्हाई.

व. ८, सोम.
जहागीरदारांचा कागद तयार होता. कोंडिबा शिंदी पिऊन आल्ता, इशारतीच्या आधीच उठला, घोड्यांखाली आला. यावर गिरजानं अंगठा दिला तर रान तिच्याकडं. न्हाईतर जहागिरीत जमा. साक्षीदार मी.
"तो प्यालेला नव्हता," एवढं म्हणालो.
"कोणाला कुठं निजवायचं ते कोणी सांगितलं होतं, मास्तर? तेही लिहू?"
सही केली. सुबक आली.

व. १०, बुध.
संक्रांत. सकाळपासून पोरं तीळगूळ घेऊन येऊन राह्यली. बाया वाण घेऊन जाताना दिसतात. त्यांच्या मधून गिरजा आली, कपाळ मोकळं, हातात तो कागद. आल्या आल्या ओट्यावर बसली.
"वाचून दाखवा, मास्तर. आज अंगठा द्याय सांगून राह्यले. खाली तुमची सही हाय म्हणले, मंग खरंच असंल. तरी एक डाव ऐकू द्या."
कागद हातात घेतला. पहिली ओळ वाचली: नाव, गाव, रानाच्या चतुःसीमा. तिनं मान हलवली. पुढची ओळ शिंदीची.
चष्मा आणतो म्हणालो आणि आत आलो. चष्मा डोळ्यांवरच आहे. तिनं तो पाहिला.
हे लिहितो आहे. ती बसली आहे. अजून हाक मारली न्हाई.